काठाचा धागा

चिठ्ठीत चुका असतील, ताई, तेवढ्या माफ करा — सातवीतून शाळा सुटली माझी, आणि इथं पाणीगेटला गिऱ्हाइकं सगळी गुजराती, त्यामुळे लिहायचं तेही गुजरातीतच. मराठी लिहायला घेतलं की ऱ्हस्व-दीर्घ हाताबाहेर जातं. बोलणंही साधंच आहे आपलं. 'उन्मेष दिघे, गोत्री, शाल एक, खोच' — एवढं वाचता आलं म्हणजे झालं. बसा ना, त्या स्टुलावर बसा, तो हलतो थोडा पण पडत नाही. गाडीच्या दारात अडकली म्हणता — हो, दिसतंच आहे, तिरकी फाटलीये, सरळ फाटती तर सोपं होतं. होईल का म्हणजे — होईल. पण आधी सांगतो, दिसेल. मग म्हणू नका की पाणीगेटच्या सुभाषनं काम बिघडवलं. कारण असं आहे, रफूला बाहेरचा धागा चालत नाही. त्याच कापडाचा लागतो. काठाच्या आतल्या बाजूनं दोन-चार धागे हळूच ओढून काढायचे आणि तेच फाटक्या जागी विणायचे, म्हणजे रंग तोच, जाडी तीच. आणि ह्या शालीच्या काठाला आता काढण्यासारखं काही उरलेलं नाही. — न बघता कसं सांगितलं? बघायला कशाला पाहिजे. ही शाल माझ्या हाताखालून गेलेली आहे, ताई. आठ दिवस इथंच होती, ह्याच खिळ्याला.

बोट ठेवा इथं. नाही, जरा खाली, त्या विणलेल्या बुट्ट्याच्या डावीकडे. लागतंय काही? नाही ना लागत. उजेडाकडे धरून बघा हवं तर. तिथं आठ आण्याच्या नाण्याएवढं भोक होतं. कसर लागली होती. — तुमचे साहेब नवी म्हणाले? असेल, त्यांना तसंच सांगितलं असेल. त्यांचा काही दोष नाही ह्यात, हे मी पहिल्यांदाच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस आमच्या साहेबांवर राग धरून बसलाय. मी साहेबांना एकदाच पाहिलं, तेही लांबून, ते सारखे घड्याळाकडे बघत होते. घाईतला माणूस. तुम्ही नव्हता ना त्या दिवशी? — पुण्याला होता. तरीच. मग तुम्हाला काहीच माहीत नाही.

कमाटीबागेत जानेवारीत गाणं असतं, ते तरी माहीत असेल. संध्याकाळचं तिकिटाचं, हॉलमध्ये, मोठे मोठे लोक येतात. पण सकाळचं फुकट. पाच दिवस, सकाळी सहाला, बागेतल्या बँडस्टँडवर. खाली जाजम घातलेलं, धुकं असतं, वरती झाडांत पोपट ओरडत असतात, आणि कोणीही जाऊन बसावं. मी पहिल्यांदा गेलो तो काही गाणं ऐकायला नाही गेलो. पंधरा वर्षांचा होतो, उस्तादांनी — उस्ताद म्हणजे गाण्याचे नव्हेत, सुईचे, ज्यांच्याकडे शिकलो ते — त्यांनी कोणाचा तरी कोट पोचवायला पाठवलं होतं, ते गृहस्थ बागेत फिरायला येतात म्हणून. गृहस्थ सापडले नाहीत. मी आपला कोट छातीशी धरून जाजमाच्या कडेला उभा. वर एक बाई गात होत्या, डोळे मिटून, काहीच करत नव्हत्या असं वाटत होतं, एकाच सुरावर थांबल्या होत्या. तेवढ्यात खालून कोणीतरी माझा पायजमा ओढला. म्हणे, "उभा काय राहिलास, बस. आणि तो कोट मांडीवर घे, थंडी वाजणार नाही." मी बसलो. त्यांनी खिशातून खडीसाखरेचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि कानाशी म्हणाले, "हा ललत आहे. सूर्य यायच्या आधीचा."

ते वसंतसर. हायस्कुलात शिकवायचे, आता निवृत्त. संगीत मंडळाचे चिटणीस, म्हणजे सकाळचा सगळा कारभार त्यांच्याकडे. आता तुम्हाला सांगतो, हसू नका — वडील गेले, शाळा सुटली, त्यानंतर मला 'सर' म्हणायला मिळालं असं ते एकच माणूस. नऊ वर्षं, ताई. नऊ वर्षांत पाचही सकाळी मी हजर. एका वर्षी ताप होता, आई नको नको म्हणत होती, तरी गोधडी घेऊन गेलो. जागा ठरलेली, डावीकडच्या खांबाजवळ, तिसऱ्या ओळीत. सर मधूनमधून यायचे, शेजारी टेकायचे, खडीसाखर द्यायचे आणि विचारायचे, "ओळख." मी सांगायचो. चुकलो तर डोक्यात टपली. म्हणायचे, "अरे रफूवाल्या, तोडी आणि मुलतानी एक करतोस, मग उद्या गिऱ्हाइकाची पँट आणि सदराही एकत्र शिवशील." मला तर ते आवडायचं. टपलीसुद्धा. वर्षभर मी त्या पाच सकाळींसाठी — जाऊ दे, तुम्हाला उशीर होत असेल. — नाही? ड्रायव्हर चहाला गेलाय? बरं.

तर मंडळाची एक पद्धत आहे. चौथ्या दिवशी गाणं संपलं की एका श्रोत्याचा सत्कार करतात. गाणाऱ्यांचे सत्कार सगळेच करतात, पण ह्यांच्याकडे ऐकणाऱ्याचा. शाल, नारळ, आणि त्याच्याबद्दल चार शब्द वाचून दाखवतात. एका वर्षी फुलवाल्या मंदाबाईंचा केला होता, त्या देवळात हार द्यायला जाताना टोपली घेऊनच बसायच्या. एका वर्षी एका रिटायर पोस्टमनचा. सर मला दरवर्षी म्हणायचे, "थांब, तुझं अजून वय नाही, कच्चा आहेस." आणि गेल्या डिसेंबरात ते इथं आले. तुम्ही बसलात तिथंच बसले, त्याच स्टुलावर. वही काढली. म्हणाले, "सुभाष, सांग रे, तू कधीपासून येतोस, कुठं बसतोस, काय वाटतं तुला, मला लिहून घ्यायचंय." कशासाठी ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, असं विचारतात का. मी सगळं सांगितलं. कोटाचं सांगितलं, तापाचं सांगितलं. आणि काय वाटतं म्हणाले तेव्हा — मला बोलता येत नाही, ताई, हे आत्ता जे बोलतोय ते कसं बोलतोय कोण जाणे. मी म्हटलं, "सर, सकाळी गाणं ऐकताना असं वाटतं की कोणीतरी आपल्याला उजेडाकडे धरून बघतंय, कुठं विरलंय ते. आणि भैरवी झाली की विरलेलं भरून आलेलं असतं, धागा दिसत नाही." सर थांबले. म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

आणि जाताना पिशवीतून ही शाल काढली. मंडळाच्या ट्रंकेत कधीची पडून होती म्हणाले. "नीट कर. खास माणसासाठी आहे." आणि हसले. असे हसले — आता तुम्हीच सांगा, ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता? वही, प्रश्न, शाल, आणि असं हसणं. मला वाटलं, सरांची गंमत आहे. ज्याची शाल त्याच्याकडूनच रफू करून घेतायत. त्यांचा स्वभावच तसा. मीही काही बोललो नाही, त्यांची गंमत मोडायची नव्हती.

आता इथं माझी चूक झाली. ह्यात दुसऱ्या कोणाला बोल नाही. मी काठ तपासला, तर काठाचे धागे आधीच कोणीतरी काढलेले, मधला भाग रिकामा. दुसरा कोणी कारागीर असता तर परत पाठवता, नाहीतर बाजारची लोकर लावून मोकळा होता. पण ही अशी बदामी झाक, ती बाजारात येत नाही, जुनी आहे. आणि अगदी ह्या झाकेची एक शाल मला माहीत होती. आमच्या घरी. आजोबा संस्थानच्या पागेत होते, त्यांना दसऱ्याला मिळालेली. नंतर वडिलांकडे आली. जगदेवराव म्हणजे माझे वडील, कोयलीला रिफायनरीच्या बाजूला एका गोदामावर वॉचमन होते, हिवाळ्यात ती पांघरून सायकलीवर जायचे. आई म्हणायची, सरदाराची शाल आणि वॉचमनची ड्यूटी. ते म्हणायचे, अगं थंडीला काय कळतंय. ते गेल्यापासून ती पेटीत असते, आई दसऱ्याला काढते, उन्हात घालते, परत ठेवते. मी तिच्या काठाचे धागे ओढले. अकरा. आई देवळात गेली होती तेव्हा. मनात म्हटलं, जातायत कुठं, चौथ्या दिवशी ही शाल आपल्याच घरी येणार, दोन्ही एकाच पेटीत राहतील. घरातलं घरातच.

उन्हात बसून केलं, दुपारी दोन ते चार, तेवढाच उजेड ह्या दुकानात खरा असतो. आठ दिवस. बाकीची कामं मागं पडली, एका वकिलाचा कोट होता, तो रागावला, मी म्हटलं काका, वांधो नथी, उद्याच देतो. त्याला काय सांगणार. इतकं चांगलं काम माझ्या हातून परत होणार नाही. उस्ताद असते तर त्यांनाही जागा सापडली नसती.

सत्काराच्या दिवशी मी आईला घेऊन गेलो. आई म्हणजे इंदिराबाई, गाण्यातलं तिला काही कळत नाही, पण मी म्हटलं, चल तर खरी. ती हिरवं लुगडं नेसली. मी नवा सदरा घातला. बागेत गेलो तर बँडस्टँडला साहेबांच्या कारखान्याचे फलक बांधलेले, पाइपांची चित्रं, पुढं खुर्च्यांची ओळ. कधी नव्हत्या खुर्च्या. मला त्यात काही वाटलं नाही, जग बदलतंय, बागेच्या कोपऱ्यावर एसटीडीचा बूथ आलाच की. आम्ही खांबाजवळ बसलो. त्या दिवशी काय गायले ते मला सांगता येणार नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी ऐकत नव्हतो. आई दोनदा म्हणाली, "किती वेळ आहे रे?" मी म्हटलं, गप्प बस.

भैरवी झाली. सर माइकपाशी आले. वही काढली, तीच, निळी. वाचायला लागले. "गेली नऊ वर्षं एकही प्रभात न चुकवणारे. तिसऱ्या ओळीत डाव्या खांबाजवळ बसणारे. तापातसुद्धा गोधडी पांघरून येणारे. भैरवी संपून तानपुऱ्याला गवसणी घातल्याशिवाय जागचे न उठणारे." आई मला कोपरानं ढोसतेय, "अरे, हे तुझंच आहे." मी खाली बघतोय. "ते म्हणतात," सर वाचतायत, "की सकाळचं गाणं आपल्याला उजेडाकडे धरून बघतं, कुठं विरलंय ते." लोकांनी वा वा केलं. एक बाई रुमालानं डोळे पुसत होत्या. आई म्हणाली, "ऊठ, ऊठ, बोलावतायत, वेड्यासारखा बसून काय राहिलास," आणि मला पाठीतून ढकललं. मी उठलो. उभा राहिलो, ताई. सगळं जाजम बसलेलं आणि मी एकटा उभा. आणि सर म्हणाले, "असे आपले रसिकाग्रणी, श्री. उन्मेष दिघे."

मी जाजमाची सुरकुती नीट केली. वाकून, दोन्ही हातांनी. म्हणजे लोकांना वाटावं, मंडपवाल्याचा माणूस आहे. मग बसलो.

साहेब वर गेले. सरांनी त्यांना ही घातली. ऊन नुकतं आलं होतं, अगदी इथं, जिथं तुम्ही बोट ठेवलंत तिथं पडलं होतं. मी बघत होतो, दिसतंय का. नव्हतं दिसत. मग मी टाळ्या वाजवल्या. आई वाजवत नव्हती, तिला म्हटलं, वाजव.

नंतर सर आले आमच्याकडे. आले, हे त्यांचं. तोंड चुकवलं नाही. मला बाजूला घेतलं, म्हणाले, "सुभाष, समजून घे. ह्या वर्षी सकाळच्या गाण्यालाही तिकीट लावायची पाळी आली होती. मांडव, माइक, सगळं त्यांनी उचललं. त्यांना काही तरी द्यायला हवं होतं. आणि त्यांच्याबद्दल वाचायला माझ्याकडे काय होतं, ते पहिल्यांदाच आले. तुझं होतं, तयार होतं." मी म्हटलं, बरं. ते म्हणाले, "सकाळ फुकट राहिली ना? तुझ्यासारख्यांसाठीच केलं हे सगळं. तुझा पुढच्या वर्षी, नक्की." मी म्हटलं, बरं, सर. तुझ्यासारखे म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. आणि त्यांनीही विचारलं नाही की सुभाष, काठाला धागा नव्हता, तू आणलास कुठून. मी वाट बघत होतो. त्यांना काठाचं माहीत असणार ना, शाल त्यांनीच दिली. ते विचारते तर मी सांगितलं असतं, आणि मला वाटतं, मग मला इतकं — पण नाही विचारलं. परतताना आई सायकलवर मागं बसली होती. पाणीगेट आलं. मग म्हणाली, "चांगले बोलतात पण तुझे सर." तिला अजून पेटीतलं ठाऊक नाही. दसरा यायचाय.

नाही, नाही, ताई, उठू नका. असं नको. घडी घालून माझ्यापुढं कशाला सारताय. मी त्यासाठी नाही सांगितलं. मला ती घेता येणार नाही. घरी नेऊन आईला काय सांगू, साहेबांच्या बाईंनी दिली? मग ती दिलेली झाली. तुमची आहे, तुम्ही न्या. खरं सांगायचं तर मघाशी तुम्ही ती उलगडलीत तेव्हा माझ्या मनात आलं होतं, की कोणता धागा पहिला आहे ते मला माहीत आहे, नखानं उचलून ओढला तर अकराही येतील. सुई हातात होती. पण ओढलेला धागा वाकलेला असतो, परत काठात बसत नाही. भोक तेवढं राहील. म्हणून हात आवरला. तेवढ्यासाठीच, दुसरा चांगुलपणा काही नाही. आणि आता ही खोच भरायला अजून वीस-एक धागे लागतील. ते कुठं आहेत ते मला माहीत आहे, आणि तिथून मी आणणार नाही. मंगळबाजारातून लोकर आणीन, जवळात जवळची. दिसेल. साहेबांना सांगा, जुन्या शालीला दिसतंच थोडं. बाकी काही सांगू नका त्यांना. एवढं माझं ऐका.

पाचव्या दिवशी? — पाचव्या दिवशी गेलो की. सहाला गेलो. का गेलो, ते मला नका विचारू, पाय गेले. खांबाजवळ एक खुर्ची ठेवली होती, माझ्या जागेवर, पाठीला कागद चिकटवलेला, 'राखीव', आणि खाली साहेबांचं नाव. रिकामी. साहेब येणार नव्हते, ते सगळ्यांना माहीत होतं, तरी कोणी बसत नव्हतं. मी तिच्याशेजारी खाली बसलो, खुर्चीचा पाय गुडघ्याला लागत होता. सर आले. शेजारी टेकले. खडीसाखर दिली, म्हणाले, "ओळख." मला ओळखू आलेला होता. ललत. पहिला होता तोच. मी म्हटलं, नाही ओळखू येत, सर. टपली मारायला त्यांनी हात उचलला आणि तसाच खाली घेतला. उठून गेले. खडा मी मुठीत धरून ठेवला, खाल्ला नाही. भैरवी सुरू झाली आणि मी उठलो. भैरवीत कोणी उठत नाही, ताई. गाणाऱ्या बाईंनी डोळे उघडून बघितलं. मी तो खडा खुर्चीवर ठेवला, कागदापाशी, आणि मधूनच चालत निघालो. लोकांनी गुडघे आवरून घेतले. सरांच्या समोरून गेलो, त्यांच्याकडे बघितलं नाही. फाटकापर्यंत गेलो, सायकलीचं कुलूप काढलं. आणि मग — खोटं कशाला सांगू — माइकचा आवाज फाटकापर्यंत येतो. मी सायकल धरून तिथंच उभा राहिलो. भैरवी संपली, टाळ्या झाल्या, लोक बाहेर यायला लागले. तानपुऱ्याला गवसणी घालायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. तेवढा वेळ थांबलो, आणि मग दुकान उघडायला आलो.